हिवरखेड ग्रहाचं पतन

८ डिसेंबर, रविवार. अमरावती

कादंबरी आली. अकोल्याहून सुगतनं, म्हणजे माझ्या प्रकाशकानं, एसटीच्या पार्सलनं गठ्ठा पाठवला. सुतळी मी दातांनीच तोडली. हे मुद्दाम लिहून ठेवतो, पुढेमागे माझं चरित्र लिहिणाऱ्याला उपयोगी पडेल. 'सप्तग्रह महासमर', आणि खाली माझं नाव, वडिलांच्या नावासकट. पाठीमागे लिहिलंय की टेबलावरच्या युद्धखेळावर बेतलेली अशी विज्ञानकादंबरी मराठीत दुसरी नाही. हे वाक्य सुगतचं आहे. मीच त्याला लिहून दिलं होतं.

चरित्रकारासाठी खेळाचंही सांगून ठेवतो. दर रविवारी मी आणि माझा मित्र किशोर आमच्या फुलांच्या गोदामात दोन जुनी दारं विटांवर ठेवून टेबल करतो. लग्नाच्या डेकोरेशनमधून उरलेल्या थर्माकोलचे डोंगर, एम-सीलचे रंगवलेले सैनिक, शिंप्याचा टेप आणि फासे. टेपनं मोजून सैन्य सरकवायचं, फासा टाकून तोफ डागायची. अर्धं सैन्य मेलं की हिमतीचा फासा, आणि पुढं दर पडझडीला पुन्हा. त्यात एक पडला तर उरलेले सगळे शरण. हे युद्ध दोन वर्षं चाललं आणि जसं झालं तसं मी कादंबरीत उतरवलं.

ग्रहांची नावं आधी मी झकास परदेशी थाटाची ठेवली होती, पण किशोरची जीभ त्यात अडकायची. शेवटी वैतागून आम्ही बसस्टँडवरची पाटी वाचली आणि सातही ग्रहांची बारशी उरकली. दर्यापूर हा काळ्या मातीचा ग्रह, भातकुली हा किल्ल्याचा चंद्र, असं करत करत. माझा ग्रह अमरावती. किशोरच्या वाट्याला हिवरखेड आलं. आम्ही दोघंही तिकडे कधी गेलो नव्हतो, पण नाव कसं खणखणीत वाटलं.

पहिला अभिप्राय वडिलांचा. किसनराव जन्मभर फुलं पिकवत आणि विकत आलेले. त्यांनी पुस्तक हातात तोललं, मधेच उघडून अर्धं पान वाचलं आणि म्हणाले, "सात ग्रह हायेत न एकावर बी गेंदा नाही?"

आईनं पुस्तकाला लगेच खाकी कव्हर घातलं. मुखपृष्ठ दिसेनासं झालं.

११ डिसेंबर

अभिप्राय येऊ लागले. एका निवृत्त प्राध्यापकांना घरी नेऊन दिली होती. त्यांचा फोन आला, "छपाई स्वच्छ आहे." मी म्हटलं, आशयाबद्दल काही? ते म्हणाले, "कागदही चांगला आहे." मितभाषी समीक्षक.

हार न्यायला येणाऱ्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, यावर सिनेमा निघाला तर डेकोरेशन तुमच्याकडेच का? मी हो म्हटलं.

किशोर मात्र भडकला आहे. नवव्या अध्यायात हिवरखेड पडतं, त्यावरून. त्या रविवारी त्याला दर्यापूरला सासुरवाडीची बस गाठायची होती. अर्धं सैन्य मेलं, यानं घाईनं फासा टाकला, एक पडला, "जाऊ दे बे, शरन" म्हणाला आणि पिशवी उचलून पळाला. आता एवढ्याशा प्रसंगावर अध्याय उभा राहत नाही. म्हणून मी हिवरखेडच्या सेनापतीला पाण्याच्या टाकीत लपवलं आणि टाकीतूनच पांढरा दुपट्टा हलवायला लावला. आठ पानं. माझ्या मते पुस्तकातला सर्वोत्तम भाग.

"मी बस पकडाले गेलतो," किशोर म्हणाला, "अन तू मले टाकीत बुडवलं!"

मी त्याला समजावलं की कलेत सत्य थोडं वेगळ्या वेशात येतं. तो म्हणाला, "मंग तुह्या अमरावतीले घाल ना टाकीत." सामान्य वाचकाला पात्र आणि माणूस यातला फरक कळत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

आज मुलगी पाहायला गेलो. स्थळ मामानं आणलेलं, बागायतदार माळ्याचं घर, मुलगी शेतकी शिकलेली, स्वतःची रोपवाटिका चालवते. गावाचं नाव घरात चार दिवस चाललं असणार, पण मी अभिप्रायांच्या गडबडीत होतो. दर्यापूर गेलं, अकोट गेलं, जीप पुढं निघाली आणि रस्त्याच्या कडेला पाटी दिसली. हिवरखेड.

मी आईला म्हटलं, आपण परत जाऊ. आई म्हणाली, "कावून? पोट दुखून राहिलं का?" मी हो म्हटलं. तिनं पर्समधून ओवा काढून दिला.

मुलीचे वडील खुशालराव दारात उभे होते. मोठा माणूस, भरदार मिशा, आणि नाकाच्या शेंड्यावर चामखीळ. माझ्या कादंबरीतल्या हिवरखेडच्या सेनापतीच्या नाकावरही चामखीळ आहे. किशोरच्या सैनिकाला एम-सीलचा गोळा चिकटला होता, त्याचं मी नुसतं वर्णन केलं. चामखीळ असणारी माणसं जगात पुष्कळ असतील, असं मी स्वतःला पोहे खाताना सांगत राहिलो.

मग आईनं पिशवीतून मुलीच्या वडिलांच्या मानाची शेला-टोपी काढली, नारळ काढला, आणि त्यावर ठेवलं खाकी कव्हरचं पुस्तक. "पोरानं लिवलं हो," ती म्हणाली. घरी उरलेल्या चार प्रती माझ्या कपाटात कुलूपबंद असतात. पाचवी आईच्या उशाखाली होती, हे मला कुठं ठाऊक.

मुलीचं नाव आकांक्षा. नखांत माती होती आणि ती लपवायचा तिनं काहीही प्रयत्न केला नाही. आम्हाला बोलायला म्हणून अंगणात पाठवलं. तिनं पुस्तक सोबत आणलं होतं आणि उभ्या उभ्या चाळत होती.

"याच्यात बाया हायेत का?"

"युद्ध आहे," मी म्हटलं.

"मंग?"

मी विषय बदलला. मी विचारलं, वाचल्यावर अभिप्राय सांगाल? ती म्हणाली, "पुरं वाचल्याबिगर मी कोनाबद्दल काही सांगत नसते." कोणाबद्दल, असं म्हणाली. कशाबद्दल नाही.

परतीच्या वाटेत आई काय काय बोलत होती, मला काही ऐकू आलं नाही. मला ही मुलगी हवी आहे. हे स्पष्ट लिहितो. आजवर मला कुठलीही गोष्ट इतकी हवी झाली नव्हती, पुरस्कारसुद्धा नाही.

१७ डिसेंबर

खुशालरावांचा फोन वडिलांना. पोरगी त्यांच्या विचारानं चालते आणि ते पोरीच्या, तेव्हा घाई नाही. "मानूस कसा हाये ते त्यानं लिवलेल्यावरून समजते. पुस्तक वाचतो, मंग सांगतो."

ते एकटे वाचत असते तरी हरकत नव्हती. पण देवळात पोथी नुकतीच संपली होती आणि दुसरी लावायची होती. खुशालरावांनी माझी कादंबरी लावली. कापूस वेचून बायामाणसं घरी आली, चहापाणी झालं, की सभामंडपात रोज एक अध्याय. एकजण वाचणार, खुशालराव अर्थ सांगणार, शेवटी आरती आणि प्रसाद.

वडील खो खो हसले. मी आधी आनंदानं गोदामात जाऊन एकटाच नाचलो. मराठीत किती लेखकांना हे भाग्य मिळालं असेल? मग नाचता नाचता नववा अध्याय आठवला आणि शेवंतीच्या ढिगावर बसलो.

२० डिसेंबर

आकांक्षानं फोन केला! रोपवाटिकेतून बोलत होती, मागे पाण्याचा आवाज. तिनं सांगितलेले गावचे अभिप्राय जसेच्या तसे देतो.

अंतराळयानाचं डिझेल कुठं मिळतं, हे लेखकानं सांगितलेलं नाही. दर्यापूर ग्रहावर दोन सूर्य आहेत तर तिथं सोयाबीन किती वेळा निघतं? एका म्हाताऱ्यांचं म्हणणं, लढाईआधी सेनापती जेवले का, हे प्रत्येक ठिकाणी द्यायला हवं होतं. तिच्या आत्यानं, जमुनाबाईनं, हिवरखेडच्या विजयासाठी नारळ बोलला आहे.

मी घाईनं विचारलं, आणखी काय?

"अन रानीचं भाषन लोकायले लय आवडलं," ती म्हणाली.

"कोणती राणी?"

"हिवरखेडची."

हिवरखेडला राणी नाही. अख्ख्या कादंबरीत राणी नाही. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "लोकायनं ऐकली ना पन." आणि कोणीतरी मिरचीची रोपं मागायला आलं म्हणून फोन ठेवला. वाचक किती निष्काळजीपणे ऐकतात, याचा हा नमुना. नसलेल्या राणीचं नसलेलं भाषण यांना आवडलं, आणि तिसऱ्या अध्यायातलं माझं पाच पानी सूर्यास्ताचं वर्णन, त्याबद्दल अवाक्षर नाही.

२२ डिसेंबर, रविवार. अकोला

सुगतकडे गेलो. नवव्या अध्यायाचा नवा फर्मा, म्हणजे तेवढ्याच पानांचा जुडगा, छापून द्या, मी हिवरखेडला नेऊन गुपचूप बदलतो, अशी योजना होती. नव्या अध्यायात पाण्याची टाकीच काढून टाकली होती.

सुगत म्हणाला, "धर्मेंद्रभाऊ, पुस्तक हाये हे. हार नाही, की एक फूल सुकलं, उपसलं, दुसरं ओवलं."

मी विचारलं, तुम्हाला तो अध्याय कसा वाटला? त्यानं मान खाजवली. "मी वाचत नसतो. वाचलं तं छापायची हिंमत राहत नाही."

येताना बसमध्ये शेजारच्या बाईंना मी म्हटलं, मी लेखक आहे. त्यांनी खिडकीकडची जागा मला दिली. तेवढंच बरं वाटलं.

२५ डिसेंबर

आठवा अध्याय झाला. उद्या एकादशी म्हणून वाचन बंद, भजन आहे. परवा नववा.

अभिप्राय असे की राणीनं गाईगुरं भुयारातून सुखरूप बाहेर काढली तेव्हा देवळात टाळ्या पडल्या. राणीनं सेनापतीला "आधी टाकी साफ करून घ्या" म्हटलं तेव्हा लोक लोटपोट झाले. टाकीचा उल्लेख आठव्या अध्यायात नाहीच! अमरावती ग्रहाचा महानायक वज्रनाथ, ज्याच्यासाठी मी मिशा ते पादत्राणं असं दोन पानी वर्णन केलं, त्याच्याबद्दल जमुनाबाईंचं मत एवढंच की तो फार बोलतो.

मी आकांक्षाला सरळ विचारलं, तिथं वाचतं कोण?

"वाचनारं कोनीतरी वाचते."

"शब्द गाळत असेल. किंवा घालत असेल."

"तुमच्या पुस्तकात घालाले जागा बी लय हाये," ती म्हणाली. हा माझ्या मोकळ्या, प्रशस्त शैलीचा गौरव समजायला हरकत नाही. तिनं सांगितलं की दोन दिवस ती अकोल्याला कृषी प्रदर्शनात रोपं घेऊन जाणार आहे. "तेवढे दिवस वाचन थांबवा म्हतलं बाबाले, तं आयकत नाहीत. लोकायले दम निघून नाही राहिला." आवाज जरा काळजीचा वाटला. रोपांची काळजी असणार.

मी धीर करून विचारलं, तुमचा अभिप्राय? ती म्हणाली, "अजून पुरं कुठं झालं?"

२७ डिसेंबर

सगळं संपलं.

संध्याकाळी आरतीनंतर खुशालरावांचा फोन आला. वडिलांना नाही, मला.

"वाचनारी अकोल्याले गेली म्हनून आज मीच चष्मा लावला," ते म्हणाले. मग एकच शब्द. "टाकीत?"

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"आमी? टाकीत? अन नाकावर चामखीळ?"

"ती एम-सीलची आहे," मी म्हटलं.

"सारं गाव बसलं होतं. जमुना नारळ घेऊन आलती. म्या वाचत गेलो, वाचत गेलो, मले वाटलं आता रानी येईन, मंग येईन. रानीचा पत्ता नाही! आठ अध्याय तिनं गाव सांभाळलं, अन तुमी नवव्यात तिले कुठं गायब केलं?"

राणीचं खूळ काही यांच्या डोक्यातून जात नाही. मी म्हटलं, काका, राणी नव्हतीच. ते म्हणाले, "असं म्हनता? मंग आमची पोरगी बी नाही." शेला-टोपी उद्या जीपवाल्याच्या हाती परत येतेय. पुस्तक मात्र ते परत करणार नाहीत. म्हणे, पुढचे सात अध्याय राहिले आहेत आणि लोक सोडायला तयार नाहीत.

माझी कादंबरी सपशेल पडली, यात शंका नाही.

२८ डिसेंबर

वडील गोदामात आले. शेला-टोपीची पिशवी त्यांच्या हातात होती. "अबे, एवढ्या मोठ्या बसस्टँडवर तुले दुसरी पाटी भेटली नाही?" म्हणाले. नंतर शांतपणे माझ्याजवळ बसून गेंद्याचे हार ओवू लागले. मी त्यांना फुलं देत गेलो. वडिलांना हे स्थळ फार आवडलं होतं. मला तर काय झालंय ते कुणाला सांगण्यासारखंही नाही. झेंडूच्या पाकळ्या डोळ्यांत गेल्या असं सांगून मी तोंड धुवायला गेलो.

३० डिसेंबर

आकांक्षाचा फोन. मी एका दमात सांगून टाकलं की यात माझा दोष नाही, फाशात एक पडला होता, मी फक्त जसं पडलं तसं लिहिलं. टाकी सोडून.

"ते मले माईत हाये. मांगं खेळाचे नियम छापले ना तुमी, ते मी वाचले." पहिली वाचक, जिनं परिशिष्ट वाचलं! "बाबाले बी समजावलं. ते म्हनतात, फासा एकदा पडला तं पुन्हा बी पडू शकते. घेऊन या तुमचे डोंगर न सैनिक. देवळात, लोकायसमोर. हिवरखेडची लढाई पुन्हा होईन."

मी विचारलं, आणि मग आपलं? ती म्हणाली, "लढाई झाल्यावर पाहू." मग फोन ठेवता ठेवता, "या तुमी."

या तुमी! मी लगेच थर्माकोलचे डोंगर झटकायला घेतले.

४ जानेवारी

उद्या जायचं. किशोरशी खलबत झालं. हिवरखेडची बाजू खुशालराव खेळणार, अमरावतीची मी, किशोर टेप धरणार. ठरलं असं की आपण हरायचं. तोफा चुकीच्या जागी लावायच्या, टेप जरा सैल धरायचा, माझं सैन्य दलदलीत नेऊन घालायचं. गाव खूश, सासरा खूश. किशोर म्हणाला, "आता कलेत सत्य कोनत्या वेशात हाये?" मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

५ जानेवारी, रविवार. हिवरखेड

हे खुशालरावांच्या ओसरीवर बसून लिहितोय. सगळं आजच लिहायला हवं, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सभामंडपात पोथीच्या चौरंगांवर आमची दोन दारं ठेवली. सारं गाव लोटलेलं. पुढं बाया, मागं माणसं, खांबांना टेकून म्हातारे. आईवडीलही आले होते. मी डोंगर मांडत होतो तर एक आजोबा म्हणाले, हा डोंगर चुकीचा हाये, आमच्या गावाच्या उत्तरेले सातपुडा हाये. मी डोंगर उत्तरेला सरकवला. पाण्याची टाकी म्हणून मी स्टीलचा डबा आणला होता. तो ठेवताच कुजबुज झाली.

पहिली लढाई. ठरल्याप्रमाणे मी हरत गेलो. सैन्य दलदलीत घातलं, तोफा देवाकडे तोंड करून लावल्या. खुशालराव फासा टाकत, सरकवत, काही बोलत नव्हते. लोक आधी ओरडत होते, हळूहळू गप्प झाले. माझा शेवटचा सैनिक पडला तेव्हा एकट्या माझ्या आईनं टाळी वाजवली.

खुशालरावांनी फासा खाली ठेवला. "पोट्टेहो," ते म्हणाले, "तुमी मले जिंकवून राहिले का?"

किशोरनं टेप पाठीमागं लपवला.

"आमचा बैल शर्यतीत हारला तं आमी त्याले घरी आनून सरकीची ढेप घालतो. पन कोनी आपला बैल मुद्दाम मांगं ओढला, तं त्या मानसाच्या घरचं पानी पीत नाही. पुस्तकात टाकीत घातलं, आता इथं लाडानं जिंकवता. लहान लेकरू समजले का गावाले?" ते उठून चपला शोधू लागले. लोकही उठू लागले.

मी दलदलीतले माझे सैनिक गोळा करू लागलो. आता खरोखरच काही शिल्लक नव्हतं.

"बाबा, बसा," आकांक्षा म्हणाली. ती बायांमधून उठून टेबलाशी आली. "आता मी खेळते. अन हे बी नीट खेळतीन." हे म्हणजे मी. माझ्याकडे न बघता तिनं सगळे सैनिक परत उभे केले. मग ओच्यातून एक बाहुली काढून डब्याशेजारी ठेवली. रोपवाटिकेतल्या काडीला एम-सील लावून केलेली, लाल लुगडं रंगवलेली. सारा मंडप ओरडला, "रानी!"

"ही कुठून आली?" मी विचारलं.

"नवव्या अध्यायातच येनार होती. मी नेमकी अकोल्याले होती."

मला याचा अर्थ लागला नाही. नववा अध्याय मीच लिहिलाय, त्यात असलं कोणी येणार नव्हतं. पण विचार करायला सवड नव्हती, तिनं फासा टाकलासुद्धा.

ती काय खेळली! डोंगराआडून दोन तुकड्या काढल्या, माझा तोफखाना दुसऱ्याच चालीत उडवला. किशोर दोन वर्षं खेळून जे शिकला नाही ते ही मागच्या पानांवरून शिकली होती. मी घाम पुसत खेळत होतो. पण माझं सैन्य मोठं होतं आणि हळूहळू तिचं अर्धं गेलं. हिमतीचा फासा. मागचे म्हातारे खांब सोडून पुढं आले. चार पडला. टिकले! पुन्हा काही पडले, पुन्हा फासा. तीन. जमुनाबाई देवाचं नाव घेऊ लागल्या. शेवटी टेबलावर हिवरखेडची एकटी राणी उरली, टाकीला पाठ लावून. आकांक्षानं फासा फुंकला आणि टाकला. दोन. राणी उभी.

आता माझी पाळी. माझी एकच तोफ उरली होती, सहा पडला तरच राणी पडणार. माझ्या मनात आलं, जरा सैल टाकावा, टेबलाच्या कडेवरून खाली घालवावा, रद्द होईल. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती.

"खेळा," म्हणाली. "नीट."

मी नीट टाकला. सहा.

फासा उचलावासा वाटला, पण हात हलेना. जमुनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. राणीला मीच आडवं करायचं होतं, तसा नियम आहे. मी तिला आडवं केलं आणि मनात म्हटलं, धर्मेंद्र, तू आत्ता तुझं लग्न आडवं केलंस.

खुशालराव पुढं आले. राणी उचलून तळहातावर घेतली, पाहिली, नेऊन देवापुढं ठेवली आणि तिला कुंकू लावलं. मग वळून गावाला म्हणाले, "पाहालं? हात वर नाही केले." मग मला म्हणाले, "आता बरोबर पडलं हिवरखेड. आमी हारत नाही असं कोन म्हनते? दर साली कशात ना कशात हारतो. पन टाकीत नाही जात. असं लिवा." त्यांनी माझ्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना चक्क व्याही म्हणून हाक मारली. "इवाई, ते शेला-टोपी आनली का मांगं परत?"

आईनं आणली होती. मी तिला विचारलं, तुला कसं माहीत? ती म्हणाली, "माय हावो मी. पुस्तक नाही वाचलं, पन तुले तं वाचते ना."

नंतर गावानं मला घेरलं. अभिप्राय: तोफेचा आवाज तोंडानं काढायला हवा होता. दुसरा भाग कधी? त्यात राणीला बहीण द्या. अकोटलाही जरा जाळा, ते लोक लय शेफारले आहेत. किशोरला म्हाताऱ्यांनी टेपसकट बसवून घेतलं, उद्या पुन्हा एक लढाई आहे.

मी सैनिक गोळा करत होतो तेव्हा आकांक्षा फासे वेचायला आली. मी म्हटलं, आता तरी अभिप्राय सांगा. पुस्तक पूर्ण झालं असेल.

"पुस्तक ठीकठाकच हाये," ती म्हणाली. "लंबं हाये. तुमचा तो वज्रनाथ मले दोन बार गाळावा लागला." मग फासे माझ्या हातात ठेवले. "पन सहा पडल्यावर तुमी फासा उचलला नाही. बाबा समोर होते, सारं गाव होतं, लग्न होतं, तरी नाही उचलला. मानूस चालते."

एवढं बोलून ती बायांच्या घोळक्यात गेली. मी तिथंच दाराला, म्हणजे टेबलाला, धरून उभा राहिलो. इतका आनंद झालाय की नीट लिहिता येत नाही.

फक्त 'ठीकठाक' म्हणजे नेमकं काय, ते लग्नानंतर विचारावं लागेल.